आर्मस्ट्राँगच्या मागे लागलेल्या दोन चौकश्या

अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगमागे उत्तेजकं घेतल्याच्या संशयावरून दोन चौकश्या लागल्या. एक अमेरिकी सरकारची, लॉस एंजेलिसमधून चाललेली. दुसरी अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेची, म्हणजे युसाडाची.

ताकद बघितली तर पहिलीच भारी. ग्रँड ज्युरी (आरोपपत्र ठेवायचं की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ), समन्स, खोटं बोललात तर तुरुंग. पण अडचण अशी की उत्तेजक घेणं हा मुळात तिथला फौजदारी गुन्हा नव्हताच. फसवणूक किंवा कट सिद्ध करायचा, तोही संशयाला जागा न ठेवता. सुमारे दोन वर्षांनी, फेब्रुवारी 2012 मध्ये, आरोपपत्राविनाच फाइल बंद झाली. कारणही सांगितलं नाही, हे मला आजही खटकतं.

युसाडाकडे ना समन्स, ना तुरुंग. पण पॉझिटिव्ह चाचणीवाचूनही साक्षी चालत होत्या आणि पुराव्याची पायरी फौजदारीपेक्षा खालची होती. एकूण 26 जणांच्या साक्षी जमल्या, त्यांत 11 जण त्याच्याच संघातले. एकाच बसमधून फिरलेली माणसं! त्याने ऑस्टिनच्या कोर्टात धाव घेतली. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. मग लवादापुढे जायलाच त्याने नकार दिला. ऑगस्टमध्ये आजन्म बंदी आली, ऑक्टोबरात 1999 ते 2005 ची सातही ‘टूर द फ्रान्स’ विजेतेपदं गेली.

निकाल लावायचा तर युसाडाचाच मार्ग सरस. मात्र खिशाला चाट लावली ती सरकारनेच, वेगळ्या दिवाणी दाव्यात: 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड. मागणी जवळपास 10 कोटींची होती म्हणा.