मिनी पीसीचा बदली अडॅप्टर: आठ महिने वापरल्यावर

सध्या लावलेला अडॅप्टर हा माझा तिसरा. पहिला पीसीसोबत आलेला, तो चार वर्षांनी थकला. दुसरा मी घाईत घेतला आणि पस्तावलो. तिसऱ्याला आता आठ महिने झाले, म्हणून लिहायला हरकत नाही.

पहिला एकदम गेला असता तर सोपं होतं. तो अर्धा गेला. टायपिंग, ब्राउझिंग सगळं निमूट चालायचं, पण व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला की दोन-तीन मिनिटांत पीसी फट्‌कन बंद. ना एरर, ना मेसेज. मी रॅम काढून परत बसवली, पंखा साफ केला, एक अख्खा रविवार घालवून सिस्टिम नव्याने टाकली. अडॅप्टरवर संशय नव्हता, कारण मल्टीमीटर लावला तेव्हा १२ व्होल्टच्या त्या अडॅप्टरवर १२.१ दिसले होते. इथेच फसलो. काहीही न जोडता घेतलेलं रीडिंग म्हणजे रिकाम्या हाताने ताठ उभा राहिलेला हमाल. पाठीवर पोतं दिल्याशिवाय त्याचं काही कळत नाही. शेवटी गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब जोडून पुन्हा मोजलं. आकडा साडेनऊवर आला. आतले कपॅसिटर (व्होल्ट स्थिर ठेवणारे भाग) जुने झाले की असंच होतं.

नवा येईपर्यंत राउटरचा अडॅप्टर लावून पाहिला. तोही १२ व्होल्टचा, प्लगही बसला, पीसी सुरूसुद्धा झाला! पण तो २ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम २४ वॉट. माझा पीसी नुसता बसलेला असताना १० वॉटच्या आसपास घेतो, कामाला लागला की ४० च्या जवळ जातो. काम सुरू केल्याबरोबर अडॅप्टरचा दिवा लुकलुकायला लागला: ओव्हरलोड झाला की स्वतःला बंद करायचं, परत चालू करून बघायचं, परत बंद. त्याला दोष नाही, त्याचं कामच ते नव्हे.

मग दुसरा मागवला. १२ व्होल्ट, ५ अँपिअर, आत प्लस, बाहेर मायनस, सगळं लेबलशी जुळत होतं. फक्त प्लगच्या मापात मी ‘५.५ मिमी’ एवढंच वाचलं. ते बाहेरचं माप. आतल्या भोकाची दोन मापं असतात, २.१ आणि २.५, आणि बाहेरून दोन्ही प्लग जुळे भाऊ. २.१ चा प्लग पीसीच्या भोकातल्या २.५ च्या पिनवर चढतच नाही, म्हणजे निदान चूक लगेच कळते. माझं उलटं झालं. पीसीची पिन २.१ ची, प्लग २.५ चा. तो छान बसतो आणि आत सैल राहतो. टेबलाला गुडघा लागला की पीसी बंद. महिनाभराने प्लग हाताला गरम लागायला लागला, तेव्हा काढून ठेवला. घरात २.५ मिमीचं ड्रिल बिट असेल तर (अडॅप्टर सॉकेटमधून काढून!) त्याची मागची गुळगुळीत दांडी प्लगच्या भोकात घालून बघा. २.१ च्या भोकात ती जाणारच नाही.

तिसरा घेताना व्होल्ट तेवढेच ठेवले, अँपिअर मात्र मुद्दाम ६ घेतले. अँपिअर जास्त असले तर पीसी जळेल ही भीती उगाच आहे. पीसी त्याला लागेल तेवढाच करंट ओढतो, ६ ही फक्त अडॅप्टरची ताकद. व्होल्टच्या बाबतीत ही सूट नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पुष्कळदा २.५ च्याच प्लगचा असतो, आणि तो वर सांगितल्याप्रमाणे २.१ च्या पिनवर आरामात बसतो. ‘बसला म्हणजे चालेल’ म्हणून तो लावला तर पीसीचा बोर्ड जाऊ शकतो.

वायरची जाडीही या वेळी पाहिली. १२ व्होल्टवर ६० वॉट म्हणजे ५ अँपिअर, तेच १९ व्होल्टवर सव्वातीनच्या आत. त्यामुळे १२ व्होल्टच्या पीसीला बारीक वायर जास्त नडते: वायरचा रोध नुसता ०.१ ओहम असला तरी ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो.

आठ महिन्यांत पीसी एकदाही आपणहून बंद पडलेला नाही. बल्ब लावून परवा पुन्हा मोजलं, ११.९ व्होल्ट. तक्रारी दोनच. वायर जुन्यापेक्षा वीतभर आखूड आहे, त्यामुळे पीसी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात सरकवावा लागला. आणि त्याचा निळा दिवा रात्री खोलीभर पडतो, त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

राउटरच्या अडॅप्टरवर मार्करने ‘फक्त राउटर’ लिहून ठेवलंय. सैल प्लगवाला ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर अजून काही लिहिलेलं नाही.