व्याकरण मुलांनीच शिकवायचं, तर फळ्यासमोर की गटात?

आठवी-नववीला मराठी शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना व्याकरणाचा पाठ मुलांकडून घ्यावासा वाटतो. अडतं ते कसा घ्यायचा यावर. एक रीत सवयीची: एका मुलानं तयारी करून यायचं आणि फळ्यासमोर उभं राहून वर्गाला शिकवायचं. दुसरी जिगसॉ. घटकाचे तुकडे पाडायचे, एकाच तुकड्याची मुलं आधी तज्ज्ञ गटात बसतात, मग आपापल्या मूळ गटात जाऊन बाकीच्यांना शिकवतात. सोलापुरात मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

फळ्याच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बाकं हलवावी लागत नाहीत, तासिका वेळेत संपते. ५ सप्टेंबरला साडी नेसून आलेली दहावीची मुलगी खडू हातात घेते, तेव्हा तिच्या आवाजात जो ठामपणा येतो तो गटात क्वचितच दिसतो.

पण एक गोष्ट मला सतत खटकत राहिली. प्रयोग शिकवताना मूल हमखास सांगतं, ‘कर्त्याला ने लागला की कर्मणी.’ ‘मुलीने पोळी खाल्ली’ला ते लागू पडतं, पण ‘मुलीने मांजरीला पकडले’ हा भावे. तोवर तो नियम फळ्यावर आलेला असतो आणि सगळ्या वह्यांत उतरलेलाही. तिथल्या तिथे टोकलं तर शिकवणारं मूल गप्प होतं आणि पुढच्या वेळी हात वर करत नाही. तासानंतर सांगावं, तर वहीतलं कुणी खोडत नाही. चाचणीत तोच नियम परत भेटतो. यातून नीट वाट मला सापडली नाही.

जिगसॉत ही चूक तज्ज्ञ गटातच हाती लागते. मी त्यांच्याजवळ बसतो आणि विचारतो, मांजरीच्या जागी बोका घाला, ‘पकडले’ बदललं का? मुलीच्या जागी मुलगा घाला, आता? आणि पोळीच्या जागी आंबा? नियम मुलंच दुरुस्त करतात आणि वर्गापुढे तो दुरुस्त होऊनच जातो. कुणाचा पाणउतारा होत नाही.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कन्नड. या भाषांत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, कर्माप्रमाणे नाही. आंबा ‘खाल्ला’ आणि पोळी ‘खाल्ली’ हा फरक या मुलांच्या घरी कानावर पडत नाही. फळ्यासमोर ती शंका विचारत नाहीत, चौघांत विचारतात. शिवाय तेलुगू घरातली मुलगी प्रयोग जास्त उकलून सांगते असा माझा अनुभव आहे, कारण आपण जे न कळत बोलतो ते तिला समजून घ्यावं लागलेलं असतं. इलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ही पद्धत आखली, तीही वेगवेगळ्या वंशांची मुलं तिथे नुकतीच एका वर्गात बसू लागली होती म्हणून. एकाचा तुकडा दुसऱ्याला लागतोच, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं.

गोंगाट होतो, हे खरं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हजेरी विरळ असते आणि एक तज्ज्ञ आला नाही तर गटाचा तुकडाच हरवतो. म्हणून एका तुकड्याला दोघं ठेवावीत. वृत्तांना मात्र मी फळाच वापरतो. लघु-गुरू सगळ्यांनाच यावं लागतं, त्याचे तुकडे पडत नाहीत. मार्चनंतर सकाळच्या शाळेत तासिका आखूड होतात, तेव्हाही फळा सोयीचा.

तुमचा वर्ग तुम्हीच ओळखता. तरी एकदा जिगसॉ करून पाहायची असेल, तर समास घ्या: अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही असे चार तुकडे आयते मिळतात. तज्ज्ञ गटांना अख्खी एक तासिका द्या आणि शिकवणं दुसऱ्या दिवशी ठेवा.