पीएफमधून कुटुंबाला मिळणारा आधार : विमा चांगला, निवृत्तिवेतन तोकडे, नोंदी निर्णायक

खासगी कारखान्यात किंवा कंपनीत काम करणारा माणूस नोकरीत असताना दगावला, तर त्याच्या घरच्यांना भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून तीन गोष्टी मिळू शकतात. त्यांपैकी खात्यावर साठलेला पीएफ व्याजासह मिळतो, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना, 1976 खाली मिळणारी विम्याची रक्कम आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 खाली पत्नीला व मुलांना मिळणारे मासिक निवृत्तिवेतन यांचे नावही अनेक घरांनी ऐकलेले नसते. कामगार संघटनेच्या कार्यालयात बसून मी बरीच वर्षे सहकाऱ्यांच्या कुटुंबांचे अर्ज भरून देत आलो आहे. त्या कामातून या योजनांविषयी जे मत बनले, ते येथे मांडत आहे.

या तिन्हींत मला सर्वांत चांगली वाटते ती विमा योजना. तिच्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. मालक वेतनाच्या अर्धा टक्का, म्हणजे 15,000 रुपयांच्या मर्यादेत महिन्याला जास्तीत जास्त 75 रुपये भरतो. वैद्यकीय तपासणी नाही, मृत्यू कामाच्या जागीच व्हायला हवा अशी अट नाही. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी वेतनाची 35 पट आणि पीएफच्या सरासरी शिलकेची निम्मी रक्कम, अशी ही बेरीज असते. वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाते, शिलकेचा भाग 1,75,000 रुपयांवर जात नाही, आणि 2021 पासून एकूण कमाल रक्कम 7 लाख रुपये आहे. सलग बारा महिने नोकरी झालेली असल्यास किमान अडीच लाख रुपये मिळतात. त्याहून कमी नोकरी झालेल्यांच्या कुटुंबांसाठीही 2025 मध्ये किमान 50,000 रुपयांची तरतूद झाली, हे फार बरे झाले.

मात्र येथे वेतन म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. हातात 22,000 रुपये पडत असले, तरी पगारपावतीवर मूळ वेतन 9,000 रुपयेच दाखवले असेल, तर 35 पटीचा हिशेब 3,15,000 रुपयांवर थांबतो. तेच 15,000 रुपये असते तर 5,25,000 झाले असते. भत्त्यांची संख्या वाढवून मूळ वेतन खाली ठेवण्याची जी पद्धत औद्योगिक वसाहतींत सर्रास दिसते, तिची किंमत अशा वेळी विधवेला आणि मुलांना मोजावी लागते.

निवृत्तिवेतनाचे स्वरूप वेगळे आहे. 1971 च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेच्या जागी 16 नोव्हेंबर 1995 पासून ही योजना लागू झाली. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी, नोकरीत असताना मृत्यू पावलेल्या सदस्याच्या पत्नीला किंवा पतीला निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. स्वतः सदस्याला निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षे सेवा लागते, पण त्याच्या कुटुंबाला ती अट नाही. तरुण कामगारांच्या घरांसाठी यापेक्षा मोलाची तरतूद या योजनेत दुसरी नाही, असे मी मानतो. पत्नीच्या निवृत्तिवेतनाच्या 25 टक्के दराने एका वेळी दोन मुलांना त्यांच्या वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत रक्कम मिळते. आईवडील दोघेही नसतील तर हा दर 75 टक्के होतो. कायमचे अपंगत्व असलेल्या अपत्याला ती आयुष्यभर मिळते. विधवेने पुनर्विवाह केला की तिचे निवृत्तिवेतन बंद होऊन मुलांना अनाथांच्या दराने मिळू लागते. मुलांची काळजी त्यात घेतलेली आहे, पण पंचविशीतल्या बाईपुढे अशी निवड ठेवणे मला पटत नाही.

रक्कम मात्र फारच तोकडी आहे. मालकाच्या हिश्शातून 8.33 टक्के रक्कम निवृत्तिवेतनाकडे वळते, तीही 15,000 रुपयांच्या वेतनावर, म्हणजे दरमहा 1,250 रुपये. ही मर्यादा आणि 1,000 रुपयांचे किमान निवृत्तिवेतन, दोन्ही सप्टेंबर 2014 मधली आहेत. सारी सेवा 15,000 रुपयांच्या वेतनावर झाली असे धरले आणि वीस वर्षांवरील सेवेसाठी मिळणारी दोन वर्षे मिळवून ती तीस वर्षे भरली, तरी 15,000 गुणिले 30 भागिले 70 या सूत्राने महिन्याला सुमारे 6,428 रुपये येतात. तो निवृत्त माणूस वारला की पत्नीला त्याच्या निम्मे, म्हणजे 3,214 रुपये. किमान निवृत्तिवेतन 7,500 रुपये आणि त्यावर महागाई भत्ता असावा, यासाठी बुलढाण्यात वृद्ध पेन्शनर वर्षानुवर्षे आंदोलन करत आले आहेत. वरचा हिशेब पाहिल्यावर त्यांची मागणी अवाजवी आहे असे कोण म्हणेल?

हिंजवडीसारख्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या तरुणांनी आणखी एक गोष्ट तपासावी. 1 सप्टेंबर 2014 नंतर जे प्रथमच पीएफचे सदस्य झाले आणि ज्यांचे वेतन तेव्हाच 15,000 रुपयांहून अधिक होते, ते निवृत्तिवेतन योजनेचे सदस्यच नसतात. त्यांच्या कुटुंबाला पीएफ आणि विमा मिळेल, मासिक निवृत्तिवेतन मिळणार नाही. पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसत असेल, तर त्याचा अर्थ हा आहे, आणि त्या प्रमाणात मुदत विमा वेगळा घेणे भाग आहे.

या योजनांतील सर्वाधिक अडचणी नोंदींच्या आहेत. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या एका कारखान्यातील ऑपरेटरच्या पत्नीने आमच्याकडे येऊन विचारले होते, "भाऊ, यांच्या पीएफमधून आम्हाला काही मिळतं का?" मी म्हटले, "वहिनी, तिन्ही मिळतं, आधी कागद बघू." कारखान्याच्या दप्तरात त्याची वैवाहिक स्थिती अविवाहित होती आणि वारस म्हणून आईचे नाव. लग्नाला सात वर्षे झाली होती, दोन मुले होती. तरी कुणीही तो कागद पुन्हा उघडला नव्हता. नियमाप्रमाणे लग्नानंतर आधीचे नामनिर्देशन, म्हणजे वारस म्हणून केलेली नोंद, आपोआप रद्द होते. निवृत्तिवेतनाचा हक्क तर पत्नीला आणि मुलांना नियमानेच मिळतो, तो नामनिर्देशनावर अवलंबून नसतो. पण पीएफ आणि विमा नामनिर्देशनानुसार दिले जातात, आणि वैध नामनिर्देशन नसेल तर कुटुंबातील पात्र व्यक्तींत समान वाटणी होते. त्यामुळे सासू, सून आणि मुले यांचे कागद, संमती आणि बँक खाती जुळवण्यात महिने गेले. आधार कार्डावर सासरचे नाव, बँकेच्या पासबुकावर माहेरचे. तेवढ्यावर एक अर्ज परत आला होता.

ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन नामनिर्देशन, केलेले असेल, तर हे पुष्कळसे टळते. वारसाला आपल्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन घरबसल्या मृत्यू दावा दाखल करता येतो आणि मालकाच्या सहीसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत. ते नसेल तर पीएफसाठी फॉर्म 20, निवृत्तिवेतनासाठी 10-डी आणि विम्यासाठी 5-आयएफ, किंवा या तिन्हींसाठी एकत्रित अर्ज भरावा. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि रद्द केलेला धनादेश सोबत हवा. एचआरमधून "फक्त पीएफचा फॉर्म द्या" असे सांगितले गेले, तरी तिन्ही दावे एकाच वेळी द्यावेत. विमा आणि निवृत्तिवेतन मागितल्याशिवाय येत नाही. ज्या कंपनीने विमा योजनेतून सूट घेतलेली असते, तिथे त्याऐवजी घेतलेल्या गट विम्याची कागदपत्रे मागावीत.

निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो, आणि तो बोटांच्या ठशांवर किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. जानेवारी 2025 पासून देशातील कोणत्याही बँकेत, कोणत्याही शाखेत ही रक्कम जमा होते. नवरा गेल्यावर नाशिक सोडून माहेरी जळगावला परतलेल्या बाईला आपली फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हलवत बसावी लागत नाही. गेल्या काही वर्षांतल्या सुधारणांपैकी हीच कुटुंबांच्या सर्वाधिक उपयोगाची ठरली आहे.