प्राँग कॉलर: बनावट चांगली, तरी शिफारस नाही

दोरी जोरात ओढणाऱ्या मोठ्या कुत्र्यावर उपाय विचारला की प्राँग कॉलरचे नाव हमखास निघते. हा पट्टा म्हणजे पोलादी कड्यांची माळ असते. प्रत्येक कडीचे दोन बोथट दाते आत, मानेकडे वळलेले असतात आणि माळेची दोन्ही टोके एका आखूड साखळीत ओवलेली असतात. दोरी त्या साखळीला अडकवतात. कुत्र्याने पुढे जोर लावला की साखळी ताणली जाते आणि सगळे दाते मानेभोवती एकाच वेळी रुततात. साखळीची लांबी ठरलेली असल्यामुळे हा फास एका मर्यादेपुढे आवळत नाही. साध्या चोक चेनला, म्हणजे ओढले की आवळत जाणाऱ्या साखळीच्या फासाला, अशी मर्यादा नसते, आणि प्राँग कॉलरच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातला हा मुद्दा खरा आहे.

वस्तू म्हणून पाहिले तर चांगल्या प्रतीच्या पट्ट्यात फारशी खोट काढता येत नाही. हर्म स्प्रेंगर ही जर्मन कंपनी ते साधारण सव्वादोन ते चार मिलिमीटर जाडीच्या तारेत बनवते. तिच्या पट्ट्यांच्या दात्यांची टोके घोटून गोलसर केलेली असतात आणि कड्या काढून किंवा वाढवून माप मानेला बरोबर जुळवता येते. स्वस्त नकलांमध्ये मात्र दात्यांचे टोक नुसते कापून सोडलेले असते आणि बोट फिरवले की कड जाणवते. आणखी एक दोष चांगल्या-वाईट सगळ्याच पट्ट्यांत आढळतो: एखादी कडी सैल झाली की ऐन रस्त्यात अख्खा पट्टा गळून पडू शकतो. म्हणूनच जाणते प्रशिक्षक दोरीला जोडलेला दुसरा साधा पट्टाही कुत्र्याच्या गळ्यात ठेवतात.

हा पट्टा कानांच्या लगेच मागे, मानेच्या वरच्या भागात, जागचा हलणार नाही इतपत घट्ट बसवायचा असतो आणि फिरणे संपताच काढायचा असतो. प्रत्यक्षात तो बहुतेक कुत्र्यांच्या गळ्यात सैल, खाली घसरलेला दिसतो. खाली घसरलेल्या पट्ट्याचे दाते श्वासनलिका आणि थायरॉइड ग्रंथी असलेल्या भागावर येतात. शिवाय सैल पट्ट्यामुळे प्रत्येक हिसक्याला जास्त वेग मिळतो. इतर कुत्र्यांशी खेळताना किंवा एका जागी बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या गळ्यात तो राहिला, तर दुखापतीचा धोका उघडच आहे.

पट्टा परिणाम करतो का, तर करतो, आणि अनेकदा पहिल्याच फेरीत करतो. ओढले की दुखते आणि ओढणे थांबवले की दुखणे थांबते, एवढे कुत्र्याला चटकन कळते. पण यातून कुत्रा नीट चालायला शिकला, असे मी म्हणणार नाही. माझ्या परिचयातील एका घरचा जर्मन शेफर्ड हा पट्टा घातला की मालकाच्या पायाशी चालत असे आणि साधा पट्टा घातला की पूर्वीसारखाच ओढत असे. दोन पट्ट्यांतला फरक त्याने अचूक ओळखला होता. माणसाजवळ चालण्यात आपलाही काही लाभ आहे, हे मात्र त्याला कोणी शिकवलेच नव्हते. दुसरी अडचण माणसाच्या हाताची आहे. दाब योग्य क्षणी यावा आणि कुत्रा थांबताच दोरी पूर्ण ढिली पडावी, तरच वेदनेचा संबंध ओढण्याशी जुळतो. दोरी सतत ताणून धरणाऱ्या माणसाच्या हातात दाते सतत टोचत राहतात. काही कुत्र्यांना त्याची सवय होते, ते पुन्हा ओढू लागतात आणि मग माणूस आणखी जोराचा हिसका देतो.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. ज्या क्षणी मानेला दुखते त्या क्षणी कुत्रा काय पाहत असतो, याचा विचार फार थोडे लोक करतात. तो बहुधा समोरून येणारा दुसरा कुत्रा, सायकल किंवा लहान मूल पाहत असतो. दरवेळी ते दिसताच मान दुखत असेल, तर त्या दिसण्याचीच त्याला धास्ती वाटू लागते. कुतूहलाने पुढे धावणारा कुत्रा काही काळाने गुरगुरू लागतो, आणि ज्याला आधीच भीती वाटते तो अधिक आक्रमक होऊ शकतो. गुरगुरणेही दाबले गेले, तर इशारा न देता चावण्याची शक्यता उरते, आणि तसा कुत्रा सांभाळणे कोणालाही अवघड जाते.

पट्टा विकताना तो आपल्या दंडावर बांधून ‘बघा, दुखत नाही’ असे दाखवण्याची पद्धत आहे. ती मला अजिबात पटत नाही. दंडाचा स्नायू आणि मान यांची तुलना होऊ शकत नाही. शिवाय आपल्याला दाब केव्हा येणार आणि किती येणार हे ठाऊक असते, कुत्र्याला ते ठाऊक नसते.

संशोधनही याच बाजूला झुकते. साधा पट्टा ओढला गेला तरी कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो आणि छाती-पाठीभोवती बसणाऱ्या हार्नेसने तसा वाढत नाही, असे २००६ मधील एका अभ्यासात दिसले. शिक्षेवर भर देणाऱ्या आणि बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षण केंद्रांतील कुत्र्यांची तुलना करणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षेच्या पद्धतीने शिकणाऱ्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे अधिक आढळली. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यकांच्या अमेरिकन संघटनेने २०२१ च्या निवेदनात सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतच सुचवली. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून कुत्र्यांच्या प्रशिक्षणात असे दातेरी पट्टे वापरण्यास मनाई आहे.

प्राँग कॉलरच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र मी गांभीर्याने घेते: माणूस अशक्त असेल आणि कुत्रा भारी असेल, तर त्याला आवरायचे कसे? अशा घरांत कुत्र्याचे फिरणेच बंद पडते आणि ते त्याच्यासाठी वाईटच असते. या अडचणीवर छातीपाशी दोरी अडकवता येणारा हार्नेस मला पुष्कळ अधिक उपयुक्त वाटतो. ओढले की कुत्रा बाजूला वळतो आणि त्याचा जोर पुढे लागत नाही. हार्नेस खांद्यांच्या हालचालीला आड येणारा नसावा आणि काखेत घासू नये, एवढे घेताना पाहावे. फारच ताकदवान कुत्र्यासाठी तोंडावरून जाणारा हेड हॉल्टर उपयोगी पडतो, पण त्याची सवय घरातच खाऊ देत हळूहळू लावावी लागते आणि त्याला कधीही हिसका देऊ नये.

साधन कोणतेही घेतले तरी शिकवणे टळत नाही. दोरी ढिली असताना कुत्रा आपल्या बाजूला आला की लगेच खाऊ द्यावा. दोरी ताणली की तिथेच थांबावे किंवा दिशा बदलावी, आणि ढिली होताच पुढे चालावे. सुरुवात शांत जागेत करावी आणि गर्दीच्या रस्त्यावर घाई करू नये. वास घेण्यासाठी वेळ द्यावा, कारण पुष्कळ कुत्रे त्यासाठीच ओढत असतात आणि तेच त्यांचे बक्षीसही होऊ शकते. दुसरा कुत्रा दिसताच बिथरणाऱ्या कुत्र्याला, तो शांतपणे खाऊ घेऊ शकेल इतक्या अंतरावर ठेवून शिकवावे आणि ते अंतर आठवडे घेऊन कमी करावे. इतके दिवस नीट चालणारा कुत्रा अचानक ओढू लागला किंवा गुरगुरू लागला, तर नवा पट्टा घेण्याआधी त्याला पशुवैद्यांना दाखवावे, कारण सांधे, कान किंवा मान दुखत असेल तरी वागणे असेच बदलते.