डोमेन स्वतःच्या नावावर आणल्यानंतरचे १४ महिने, आमच्या हळदीच्या साइटचा अनुभव

नमस्कार. मी वसमतची, हिंगोली जिल्हा. घरची हळद आहे. शिजवून, वाळवून, पॉलिश करून थोडी मोंढ्यावर जाती आणि थोडी आम्ही स्वतः दळून पाकिटात भरून विकतो. पाकिटाचं आणि साइटचं काम माझ्याकडं. मला गरज होती तेव्हा डोमेनबद्दल, म्हणजे साइटच्या डॉट कॉमवाल्या नावाबद्दल, मराठीत नीट लिहिलेलं काही सापडलं नव्हतं, म्हणून १४ महिने वापरून झाल्यावर सगळं सविस्तर लिहायलेय. कंपन्यांची नावं घेत नाही, नाव घेतलं की लोक कंपनीवरूनच वाद घालत बसतात आणि मुद्दा बाजूला राहतो.

मुद्दा हा की डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या ईमेलवर आहे. स्वस्त का महाग, सपोर्ट कसा, हे सगळं त्याच्यानंतर.

आमची साइट चार वर्षांपूर्वी भाऊजींच्या एका मित्रानं करून दिलती, नांदेडचा पोरगा, हुशार आणि मनानं चांगला. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), डिझाइन सगळं मिळून ठोक रक्कम दिली, त्यानं त्याच्याच अकाउंटवरून डोमेन घेतलं, त्याच्याच कॉलेजच्या जमान्यातल्या ईमेलवर. आम्हाला काय कळतंय, साइट उघडायली म्हणजे झालं. म्हणजे शेत आपण पेरायचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ऐन हंगामात नागपूरच्या एका ताईंचा फोन आला, म्हणल्या तुमची साइट उघडली की भलत्याच जाहिराती येतायत, बंद केलं का काय? बघितलं तर डोमेन एक्स्पायर होऊन ११ दिवस झालते.

त्या दिवशी माझ्या डोळ्यासमोर पहिले आली ती पाकिटं. खोलीत छापून आलेली ६,००० पाकिटं पडलेली होती, प्रत्येकावर साइटचं नाव आणि क्यूआर कोड. तो कोडही त्याच डोमेनवर जाणारा. डोमेन गेलं असतं तर ती सगळी पाकिटं कचरा, आणि ज्यांच्या घरात आधीचं पाकीट आहे त्यांनी स्कॅन केलं की दुसऱ्याच कुणाच्या साइटवर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना साइट बिइट काही माहिती नाही, पण त्यांनी बरोबर विचारलं, "आपलं नाव दुसरं कुणी घेऊ शकतंय का?" हो म्हणताना मला रडू आलं.

आता नियम सांगते, कारण हे तेव्हा माहिती असतं तर पैसे आणि झोप दोन्ही वाचलं असतं. डोमेनचा जगभरातला कारभार आयकॅन ही संस्था बघती. डॉट कॉमचं मुख्य रजिस्टर व्हेरीसाइन कंपनीकडं, डॉट इनचं आपल्या भारतातल्या निक्सी या संस्थेकडं, आणि आपण ज्यांच्याकडून घेतो ते रजिस्ट्रार. डॉट कॉम एक्स्पायर झालं की लगेच हातातून जात नाही. आधी जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असती, त्यात बहुतेक कंपन्या नेहमीच्या दरात रिन्यू करून देतात, पण पूर्ण ४५ दिवस द्यायचे का कमी हे कंपनीच्या हातात. त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शन, तेव्हा परत मिळतं पण दंड भरून. मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते बाजारात मोकळं, ज्याचा हात आधी पोचंल त्याचं. नियमानं कंपनीला साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि एक्स्पायर झाल्यावर ५ दिवसांच्या आत एक अशी आठवण पाठवावी लागती. आमच्याही आल्या. पण कुठं आल्या, तर त्या पोराच्या कॉलेजच्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड तोच विसरलेला आणि जुना मोबाइल नंबर बंद.

तो बिचारा पुण्यात नोकरीला. रोज रात्री ड्युटीवरून आल्यावर माझ्यासोबत फोनवर बसायचा. सपोर्टवाले म्हणायचे रजिस्टर्ड ईमेलवरूनच मेल करा, तो म्हणायचा तोच तर उघडंना, मग ओळखपत्र मागितलं, मग त्यावरचं आडनाव आणि अकाउंटवरचं आडनाव स्पेलिंगनं जुळंना. असं करता करता आमचे ३० दिवस गेले आणि डोमेन रिडेम्प्शनमध्ये पडलं. शेवटी ८,००० आणि १८ टक्के जीएसटी, मिळून ९,४४० भरले तेव्हा दोन दिवसांनी साइट परत उघडली. वर्षाला हजार दीड हजारानं होणारं काम. कंपनीवर माझा राग आहे तो दंडावर नाही, दंड किती ते त्यांच्या पानावर लिहिलेलं होतं, राग आहे तो दर वेळी नवा माणूस चॅटवर यायचा आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावायचा त्याच्यावर.

मग पहिले मालक बदलला, त्याच्या जागी माझं नाव, माझा ईमेल. मालकाचं नाव बदललं की साधारण ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडं नेता येत नाही, हे कुलूप चोरी होऊ नये म्हणून असतंय, त्यामुळं थांबले. जूनमध्ये जुन्या कंपनीतला लॉक काढला, ऑथ कोड म्हणजे डोमेन हलवायचा पासवर्ड घेतला, नवीन कंपनीत टाकला, सहाव्या दिवशी डोमेन माझ्या अकाउंटला दिसलं. डॉट कॉम ट्रान्सफर करताना जे पैसे घेतात त्यात मुदत एक वर्षानं वाढती, म्हणजे पैसे वाया जात नाहीत, हे मुद्दाम सांगते कारण लोक ट्रान्सफरला घाबरतात.

नवीन कंपनी निवडताना मी पहिल्या वर्षाची ऑफर बघितलीच नाही. १९९ ला डोमेन म्हणून जाहिराती येतात, पण दुसऱ्या वर्षीपासूनचा दर बारीक अक्षरात असतो आणि आयुष्यभर तोच भरायचाय. माझं डॉट कॉम जीएसटी धरून १,४०० च्या आसपास पडतंय, त्यात प्रायव्हसी, म्हणजे मालकाचं नाव, फोन लोकांना न दिसण्याची सोय, फुकट. डोमेन आपण विकत घेतलं म्हणतो खरं, पण ते मक्त्यानं घेतल्यासारखं असतंय, मुदत संपली की मक्ता नव्यानं करायचा, आणि एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंतच. मी ३ वर्षांचं एकदम भरून टाकलं. ऑटो रिन्यू चालू ठेवलंय पण त्याच्या भरवशावर नाही, कारण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी ई-मँडेट, म्हणजे बँकेला ऑनलाइन परवानगी देऊन ठेवणं, करावं लागतं, आणि परदेशी कंपन्यांची पेमेंटं यात अडकतात. स्क्रीनवर ऑटो रिन्यू ऑन दिसतं आणि पैसे कटतच नाहीत. म्हणून आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं आत्या दुधाचा हिशोब लिहितात, तिथं दर वर्षी डोमेनची तारीख लाल पेनानं लिहिलेली असती.

नवीन कंपनीचं पॅनल, म्हणजे लॉगिन केल्यावरचं पान, मला आवडलं, साधं आहे, डीएनएस (डोमेन कुठल्या साइटवर, कुठल्या मेलवर जावं त्याची नोंद) बदललं की दहा मिनटात लागू होतं. पण एक चूक माझ्या हातून झाली ती लिहिते. नेमसर्व्हर, म्हणजे ह्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बदलले तेव्हा जुन्या ठिकाणचे एमएक्स आणि टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे ईमेलला लागणाऱ्या नोंदी, नवीन ठिकाणी टाकायचे राहिले. साइट झकास चालू, म्हणून मी निवांत, आणि ईमेल मात्र बंद. पुण्याच्या एका दुकानाची ४० किलोची ऑर्डर मेलवर येणार होती, दोन दिवस वाट बघून त्यांनीच फोन केला म्हणून कळलं. नेमसर्व्हरला हात लावायच्या आधी जुन्या सगळ्या रेकॉर्डचा फोटो काढून ठेवा, एकही ओळ सोडू नका.

आणखी एक, अकाउंटचा लॉगिन ईमेल कधीही त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद, मग पासवर्ड रिसेट कुठं मागवणार? माझा साधा जीमेल आहे, टू स्टेप (पासवर्डसोबत आणखी एक खात्री) लावलेला, आणि रिकव्हरीला ह्यांचा नंबर. नवीन डोमेन घेतल्यावर ईमेल व्हेरिफाय करायची लिंक येती, ती १५ दिवसांच्या आत दाबली नाही तर डोमेन सस्पेंड होऊ शकतंय.

नावाचंही सांगते. आमच्या गावाला कुणी वसमत म्हणतं, कुणी बसमत. इंग्रजीत लिहिताना व्ही, डब्ल्यू का बी, शेवटी टी का टीएच, जेवढी माणसं तेवढी स्पेलिंगं. म्हणून डॉट कॉमची दोन स्पेलिंगं आणि एक डॉट इन घेऊन ठेवलंय, सगळी मुख्य साइटवरच वळवलीत. डॉट इनला प्रायव्हसी सेवा घेता येत नाही हे ध्यानात ठेवा. घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वेबसाइट बनवून देतो म्हणणाऱ्यांचे हिंदीतून फोन सुरू झाले, आठवडाभर. त्याहून वाईट म्हणजे बिलासारखा दिसणारा मेल, डोमेनची सेवा संपत आलीय, आजच भरा, म्हणून. भाऊजी भरायलाच निघालते. मी पॅनल उघडून तारीख दाखवली, दोन वर्षं बाकी होती. पैसे भरायचे तर स्वतः लॉगिन करून भरायचे, मेलमधल्या लिंकवरून कधीच नाही.

डॉट भारतही घेतलं, २०१४ पासून देवनागरीत मिळतंय. पाकिटावर मराठीत पत्ता छापला की आमच्या गिऱ्हाइकाला तो वाचता येतो, बोलून टाइप करता येतो, मला लै आवडलं. पण तो पत्ता कॉपी करून पाठवला की कधीकधी एक्सएन आणि दोन डॅश असं काहीतरी दिसतं आणि समोरच्याला वाटतं फसवणुकीची लिंक आहे. ईमेलला तर तो बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. त्यामुळं डॉट भारत पाकिटाला, आणि व्यवहाराला डॉट कॉम.

गौरी गणपतीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, ६,००० पाकिटातली शेवटची दोनशे राहिलीत आणि नवीन छपाईला टाकलीत, त्याच नावानं. परवा मोंढ्यात आडतीवरच्या काकांनी कौतुकानं त्यांची साइट दाखवली. मी विचारलं लॉगिन कुणाकडंय, म्हणले त्या पोराकडं, तोच बघतो सगळं. म्हणलं काका, आत्ताच फोन लावा. लावला, तो म्हणला उद्या येतो.