बर्फातल्या ट्रेकसाठी बूट: साताऱ्यातून जाणाऱ्यांनी काय घ्यावं, काय टाळावं

डिसेंबर तोंडावर आला की साताऱ्यातल्या ट्रेकरांची बूटखरेदी सुरू होते. कुणी उत्तराखंडात केदारकंठ्याला निघालेलं असतं, कुणी हिमाचलात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: बूट गरम आहे का? आमच्या मते हा प्रश्न तिसरा विचारावा. पहिला प्रश्न, जाड मोजा घातल्यावर बोटं मोकळी हलतात का. दुसरा, पाणी नेमकं कुठून आत येऊ शकतं. बूट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब पायात येणाऱ्या रक्ताची असते, बूट ती फक्त धरून ठेवतो. घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत नीट पोचत नाही, मोज्यातली हवा दाबली जाते आणि कितीही भारी अस्तर असलं तरी बोटं बधिर होतात.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत सुमारे १२,५०० फुटांपर्यंतच्या, दिवसभर चालायच्या ट्रेकसाठी आत उबदार अस्तर नसलेला, मेंब्रेन (पाणी अडवणारा आतला पातळ पडदा) असलेला, घोटा झाकणारा हायकिंग बूट घ्यावा, आणि तो जाड मोज्याच्या हिशेबाने मोठा घ्यावा. फर किंवा थिन्सुलेट (उबेसाठीचं कृत्रिम तंतूंचं अस्तर) भरलेला स्नो बूट बहुतेकांना लागत नाही.

याचं कारण घाम. पाठीवर सॅक घेऊन चढताना पाय भरपूर गरम होतो. जाड अस्तराच्या बुटात तो घामेजतो, अस्तर ओलं होतं आणि मुक्कामाला बसल्यावर तेच ओलं अस्तर पाय गार करतं. शिवाय तंबूत ते रात्रभरात वाळत नाही. अस्तरावर २०० ग्रॅम, ४०० ग्रॅम असे आकडे असतात. ते बुटाचं वजन नसतं, एका चौरस मीटर अस्तराचं वजन असतं. साधारणपणे २०० चालणाऱ्यासाठी, ४०० थोडं चालून बराच वेळ थांबणाऱ्यासाठी आणि त्यापुढचे आकडे बर्फात उभं राहून काम करणाऱ्यासाठी. पहाटे तासन् तास पक्ष्यांचे फोटो काढायला बसणाऱ्याने जरूर स्नो बूट घ्यावा. लेबलवर 'उणे २० अंशांपर्यंत' असं छापलेलं असलं तरी त्यावर खरेदी ठरवू नये. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने तो आकडा काढते, आणि चालणाऱ्या पायाला जे पुरतं ते उभ्या पायाला पुरत नाही.

पुण्यात डिकॅथलॉन या खेळसाहित्याच्या दुकानात क्वेचुआ नावाखाली हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मिळतात, त्यामुळे तुलना करायला ती जागा सोयीची आहे. साताऱ्याहून पुण्याला जाणं तसंही होतंच. वॉटरप्रूफ हायकिंग बूट साधारण ४ ते ७ हजारांत बसतो. गोरटेक्स मेंब्रेन आणि व्हायब्रम सोल असलेले परदेशी ब्रँड १२ हजारांच्या पुढे जातात. पहिल्याच हिवाळी ट्रेकसाठी एवढे पैसे घालायची गरज नाही. वाचलेले पैसे मोजे आणि गेटरवर (बुटाचं तोंड झाकणारं, पोटरीवर चढवायचं आवरण) खर्च करावेत, पायाला त्याचा जास्त उपयोग होतो.

आता माप. इथेच सगळ्यात जास्त चुकतं. बूट संध्याकाळी घ्यायला जावं, दिवसभरात पाय थोडा सुजतो. ट्रेकला घालणार तोच मोजा सोबत न्यावा, दुकानातला पातळ मोजा घालून माप ठरवू नये. नाड्या सैल ठेवून पाय पुढे सरकवा, बोटं पुढे टेकली की टाचेमागे हाताचं एक बोट सहज जायला हवं. मग टाच मागे ठोकून बसवा, नाड्या बांधा आणि जिन्यावरून उतरा. उतरताना अंगठा पुढे आदळला तर बूट लहान आहे, मग तो कितीही मऊ वाटो. उतारावर काळी पडणारी नखं याच चुकीची असतात. चढताना टाच किंचित उचलली तर चालेल, पण प्रत्येक पावलाला घासत असेल तर फोड ठरलेला. एक यूके माप म्हणजे ८.४७ मिलिमीटर आणि एक युरोपीय माप म्हणजे ६.६७ मिलिमीटर, म्हणून 'एक नंबर मोठा' म्हणताना कोणता नंबर ते पाहावं. पंजा रुंद असेल तर लांबी वाढवून जागा करू नये. लांबी वाढली की टाच खेळते. रुंद साच्याचा दुसरा बूट बघावा. आयुष्यभर चप्पल वापरलेल्या पायांचा पंजा बहुधा पसरट असतो आणि युरोपातले काही साचे त्यांना अरुंद पडतात.

वॉटरप्रूफ बुटात बाहेरच्या चामड्याच्या किंवा कापडाच्या आत मोज्यासारखी शिवलेली पातळ पडद्याची पिशवी असते. गोरटेक्सचा मूळ पडदा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची कांडी हळू ओढण्याऐवजी एका हिसक्यात ताणली, तेव्हा ती सूक्ष्म छिद्रांची झाली. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. पण वाफ जायला आत दमट आणि बाहेर कोरडं असावं लागतं. हिमालयातल्या कोरड्या थंडीत हे जमतं. जुलैत ठोसेघरला किंवा कासच्या पठारावर बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, तिथे घाम आतच राहतो. त्यातून एखादा ओढा ओलांडताना घोट्यावरून पाणी आत गेलं की तेच मेंब्रेन ते बाहेर जाऊ देत नाही. म्हणून हिमालयासाठी घेतलेला बूट सह्याद्रीच्या पावसाळ्यात वापरू नये असं आम्ही ठामपणे सांगतो. पावसाळ्याला जाळीचा, पाणी गळून जाणारा, लवकर वाळणारा बूटच बरा.

बुटाची जीभ दोन्ही बाजूंना किती उंचीपर्यंत शिवलेली आहे ते जरूर बघा. पाणी तिथपर्यंतच अडतं. घरी आणल्यावर, परत करण्याची मुदत आणि अट विचारून ठेवून, टबात त्या शिवणीच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी भरा, बुटात कोरडा टिश्यू पेपर घाला आणि पाय घालून दहा-पंधरा मिनिटं जागच्या जागी पावलं टाका. दोष असला तर बहुधा पंजा दुमडतो त्या ठिकाणी पेपर ओला होतो. पुढे वापरात बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब गोळा होऊन घसरायचे थांबले, कापड गडद पडू लागलं, की बूट फुटला असं समजू नका. वरचा पाणी झटकणारा लेप गेलेला असतो. बूट धुऊन ओलसर असतानाच निकवॅक्ससारखं द्रव्य लावलं की तो परत येतो. लेप गेलेला बूट आत गळत नसला तरी वाफ सोडत नाही आणि जड होतो.

बर्फातल्या ट्रेकला पाय ओले होण्याचं मुख्य कारण सोल किंवा शिवण नसतं. बर्फ वरून, घोट्याच्या तोंडातून आत पडतो आणि वितळतो. यावर उपाय गेटरचा. केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांक्रीला गेटर आणि मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे धातूचे दाते) भाड्याने मिळतात, ते तिथेच घ्यावेत. घेताना गेटरचा बुटाखालून जाणारा पट्टा आणि त्याचं बक्कल तपासावं, तेच आधी तुटतं. बूट मात्र भाड्याने घेऊ नये. दुसऱ्याच्या पायाला बसलेला बूट तुम्हाला वेळेवर बसेल याची खात्री नाही, आणि आदल्या रात्री त्या गर्दीत नेमकं माप मिळेलच असं नाही.

मोज्यांचं थोडक्यात. आत पातळ सिंथेटिक, त्यावर एक जाड लोकरी. दोन जाड मोजे कधीही नको, ते बुटातली सगळी जागा खातात. सुती मोजा बॅगेतसुद्धा ठेवू नका. माणची घोंगडी भिजली तरी मेंढपाळाला ऊब देते, लोकरी मोज्याचा गुण तोच. घोंगडीची लोकर मात्र पायाला फार खरखरीत, मोज्यासाठी मेरिनो किंवा मेरिनो मिसळलेलं सूत पाहावं. झोपायचा एक जोड वेगळा, कोरडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो कितीही मोह झाला तरी चालताना घालायचा नाही.

नाडी पंज्यावर सैल आणि घोट्याला घट्ट हवी. पायाच्या वाकणात नाडीला एका ऐवजी दोन वेढे द्या, म्हणजे खालचा ताण आणि वरचा ताण वेगळा राहतो. उतरायला सुरुवात करण्याआधी थांबून वरचा भाग पुन्हा आवळावा. सकाळी थंडीत बांधलेली नाडी तासाभरात सैलावते, तेव्हाही.

सोलचे दात ४ ते ५ मिलिमीटर खोल हवेत आणि टाच पुढच्या भागापासून पायरीसारखी वेगळी हवी, बर्फाच्या उतारावर टाच रोवूनच उतरायचं असतं. कठीण, काचेसारख्या बर्फावर कोणताही रबरी सोल धरत नाही. तिथे मायक्रोस्पाइक्स लावावेतच.

नवा बूट थेट सांक्रीला न्यायचा नाही. आधी घरात, मग अजिंक्यताऱ्याच्या चढावर, मग सॅकमध्ये ५-६ किलो वजन घालून सज्जनगडाच्या पायऱ्या. पायऱ्या उतरतानाच बुटाचा खरा स्वभाव कळतो. शेवटी जरंडेश्वर किंवा बामणोलीहून होडीने जाऊन वासोटा, म्हणजे कोरड्या मातीवर, मुळांवर आणि घसाऱ्यावर पूर्ण दिवस. हे सगळं त्याच जाड मोज्यांत करावं, गरम झालं तरी. टाचेला लाली दिसली की लगेच चिकटपट्टी लावावी, फोड येऊ द्यायचा नाही.

मुक्कामाला बूट तंबूबाहेर ठेवू नका. ओलसर बूट रात्रीत गोठून लाकडासारखा कडक होतो आणि पहाटे दोन-तीनला शिखराच्या चढाईसाठी निघताना पाय आतच जात नाही. सुकतळे काढून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, बूट पिशवीत घालून डोक्याशी. शेकोटीजवळ वाळवणं तर पूर्ण बंद, डिंक सुटतो आणि चामडं तडकतं. वर्तमानपत्राचे बोळे भरून दर दोन तासांनी बदलले तर बराच ओलावा निघतो. चालताना बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळायची नाहीत, बर्फाने तर नाहीच. बूट सैल करून, कोरडा मोजा घालून, सोबत्याच्या पोटाशी किंवा काखेत धरून ती परत उबेला आणावीत. बोटांची संवेदना परत आली नाही, तर तिथूनच खाली उतरायचं.

गमबूटचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण जिल्ह्यात थंडीत ओल्यात उभं राहणारे ट्रेकर कमी आणि शेतकरी जास्त आहेत. रब्बीत वीज रात्रीची आली की गव्हाला पाणी धरायला जानेवारीच्या मध्यरात्री चिखलात उभं राहावं लागतं. महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठतं, आणि तिथेच स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत पहाटे काम असतं. यासाठी गमबूट हाच योग्य बूट, हायकिंग बूट नाही. तो एक माप मोठा घ्यावा, आत जाड नमद्याचा सुकतळा टाकावा आणि लोकरी मोजा घालावा. थंडी बहुतेक तळव्यातून चढते, म्हणून सुकतळ्याचा फरक मोज्यापेक्षाही जास्त जाणवतो. स्वस्त पीव्हीसी गमबूट थंडीत कडक होतो आणि पंज्याच्या घडीला चिरतो. रबरी गमबूट महाग पण टिकतो. त्यात घाम बाहेर जायची सोयच नसते, तेव्हा सकाळी सुकतळा काढून उन्हात टाकायचा, बूट सावलीत उलटा. अंधारात साप-विंचवापासून पोटरीपर्यंत आडोसा मिळतो, हा आणखी फायदा.

पुन्हा ट्रेकिंगच्या बुटाकडे. फेब्रुवारीत परत आल्यावर तो माळ्यावर टाकला जातो, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात तिथेच त्याचा घात होतो. अनेक बुटांच्या सोलमधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतून विरघळत जातो, बूट वापरला नाही तरी. काही वर्षांनी पहिल्याच चढावर सोलचा भुगा होऊन तळ गळून पडतो. ईव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोमच्या थराला हा धोका नाही, तो फक्त दबून पातळ होतो. खरेदी करताना बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात हे पाहावं, आणि सवलतीत मिळणारा जुना साठा घेताना तर हमखास विचारावं. जुना बूट पुन्हा काढाल तेव्हा त्या थरात अंगठा जोरात दाबा. बारीक चिरा, चिकटपणा किंवा पावडर दिसली तर तो बूट ट्रेकला न्यायचा नाही. ठेवताना चिखल धुऊन, पूर्ण वाळवून, कागद भरून, हवा खेळती राहील अशा कापडी पिशवीत कपाटात ठेवावा. बंद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नये.

सोलची कड सुटली असेल आणि थर अजून घट्ट असेल तर दुरुस्ती साताऱ्यातही होते. फक्त कारागिराला आधीच सांगा की बाजूने शिलाई घालायची नाही. सुई वरच्या कापडातून गेली की आतला पडदा भोकं पडून निकामी होतो. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून, जुना डिंक काढून, पॉलियुरेथेनचा अॅडेझिव्ह दोन्हीकडे लावून, थोडं सुकू देऊन मग दाबायचं आणि दोरीने आवळून २४ तास ठेवायचं. पुढच्या बोटांकडची कड सर्वात आधी सुटते, तिथे जास्त वेळ द्यायला सांगा.