सुटा ढीग की क्रेट: कळमन्याला जाणारी संत्री

आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा, संत्र्याचा माल नागपूरच्या कळमना बाजारात न्यायचा तर दोन वाटा: गाडीत तणस अंथरून सुटा ढीग, नाहीतर २० किलोचे प्लास्टिक क्रेट.

ढीग स्वस्त आणि गाडीत माल जास्त मावतो, बस. तळच्या फळांवर सगळा भार येतो. मोसंबीची घट्ट साल तो सोसते. संत्र्याची साल सैल, आतली फोड चेपते. बाहेरून काहीच कळत नाही, मग चार दिवसांत हिरवी बुरशी, आणि शेजारची फळंही जातात. त्याच दिवशी विकायचं असेल तर ढीग चालेल. लांब पाठवायला क्रेटच.

पण क्रेट भरायचा दोन बोटं रिकामा ठेवून. काठोकाठ भरला की वरचा क्रेट फळांवरच बसतो, त्यापेक्षा ढीग बरा! तळाला कागद घाला, प्लास्टिकची धार साल खरचटते. रिकामे क्रेट धुऊन उन्हात वाळवा. जुनी बुरशी त्यातच असते.

ओढून तोडलेल्या फळाला मात्र क्रेटही वाचवत नाही. देठाशी भोक पडतं, बुरशी तिथूनच शिरते. दव सुकल्यावर कात्रीने तोडा, देठ फळालगत कापा. लांब राहिला तर शेजारच्या फळाला टोचतो.